मागवलेली गाडी

आप्पा, मी गाडी घेतली. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, ‘माणसं कुठं बसवायची हिच्यात?’ कारण हिला दोनच सीट आहेत. इतकी बुटकी आहे की आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं खाली जावं लागतं. तुमची सून शोरूममध्येच म्हणाली, ‘बसाल हो, पण उठाल कसं? उचलायला हमाल ठेवायचा का?’ गाडी विकणारा मुलगा हसला, मीही हसलो. पण मला अशीच हवी होती. जीप, वर्कशॉपचा टेम्पो, नंतरची मोठी गाडी, सगळ्या मी दुसऱ्यांना बसवण्यासाठी चालवल्या. पाहुणे आणायचे, बाळंतीण पोचवायची, तुम्हाला दवाखान्यात न्यायचं. एक गाडी अशी हवी होती की जिच्यात तिसऱ्याला जागाच नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं तोंडावर सांगणारे कागलच्या एमआयडीसीत पुष्कळ भेटले. बरोबरच आहे त्यांचं. न शोभणारं हे एवढं एकच केलं.

शोरूममध्ये एक गाडी उभी होती, पांढरी. मुलगा म्हणाला, ‘साहेब, हीच घ्या की. दसऱ्याला दारात उभी करतो. मुहूर्त साधतोय, वर सूट बी देतो.’ मी विचारलं, पांढरीच का? ‘पांढरी कुणालाबी चालती. म्हणून स्टॉकला तीच येती. ऑर्डर द्यायची म्हटली तर रंग तुमचा, आतलं कातडं तुमचं, शिलाईचा दोरासुद्धा तुम्ही म्हणाल तसा. पण मग नऊ महिनं थांबायचं. आणि एकदा ऑर्डर गेली की बदल न्हाई, साहेब.’

कुणालाबी चालती. मी त्या गाडीभोवती एक फेरी मारली. चांगली होती. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त तिला कुणी मागितलेलं नव्हतं. मी म्हणालो, ‘ऑर्डर लिही.’ तुमची सून चकित झाली. ‘अहो, दसरा सोडून? उभी गाडी सोडून? मामंजी काय म्हणायचे? उभं असेल ते घ्यावं, डोळ्यांनी बघून.’ तुम्ही हे म्हशीबद्दल म्हणायचात, हे मी तिला सांगितलं नाही. आणि माणसांच्या बाबतीत तुमची रीत अगदी उलटी होती, हेही सांगितलं नाही.

गंगावेशीचा दूध कट्टा तुम्हाला आठवत असेल. गिऱ्हाईक पेला पुढं करतंय, तुम्ही उकिडवे बसून म्हैस पिळताय, मी शेपटी धरून उभा आहे आणि दादा नवा सदरा घालून कट्ट्यावर बसलेला आहे. कुणीतरी विचारतं, ‘पोरं तुमचीच व्हय?’ तुम्ही मान वर न करता सांगता, ‘व्हय. थोरला नवसाचा. आन् ह्यो वर घातलेला.’ माणसं हसतात. माप भरल्यावर गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी एक धार वर घालायची, तसा मी. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला ते आवडलं होतं. वरच्या धारेसाठी तर माणसं तुमच्याकडं येतात, असं मला वाटायचं. वर घातलेलं मापात धरत नाहीत, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

नवसाची गोष्ट आईनं इतक्यांदा सांगितली की ती मी डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटते. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, पाळणा हलत नाही. तुम्ही जोतिबाच्या डोंगरावर जाऊन बोललात, ‘मुलगा दे, त्याच्या वजनाचा गूळ वाटीन.’ दादा झाला. देवळाच्या आवारात तराजू टांगला. एका पारड्यात दादा, दुसऱ्यात गूळ. पारडी बरोबर झाल्यावरही तुम्ही एक खडा जादा टाकलात, देवाला कमी पडू नये म्हणून. भिंतीवर तो फोटो होता. दादा गुलालात माखून रडतोय आणि तुम्ही हसताय. तुमचं तसं हसणं मी फक्त फोटोतच पाहिलं. त्यानंतर दीड वर्षानं मी आलो, कुणी न बोलावता. एकदा मी विचारलं होतं, ‘आप्पा, माझा गूळ वाटला होता का?’ तुम्ही म्हणालात, ‘नवस एकदा फिटला की फिटला. दोनदा कशाला?’ हिशोबानं तुमचं बरोबर होतं. लहान पोराला मात्र देवाकडचा हिशोब समजत नाही.

दादाचे सदरे शिंपी माप घेऊन शिवायचा. त्यालाच डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे तुम्ही त्याला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. मला आयटीआयला धाडताना तुम्ही म्हणालात, ‘टर्नरची जागा पडून हाय, जा.’ मी गेलो. तिथं शिकलेल्या लेथ मशीननं मला पोसलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या ‘पडून हाय’ची आहे. पडून असलेली जागा आणि पडून असलेला मुलगा, तुम्ही दोन्ही एकमेकांना लावून दिलेत आणि हात झटकलेत.

शेवटची वर्षं तुम्ही माझ्याकडं होतात. अंथरुणावर होतात. वर्कशॉपमधून आलो की अंग धुऊन आधी देवाजवळ दिवा लावायचा, मग तुमचे पाय चेपायला बसायचं, हा माझा नेम होता. खोबरेल कोमट करून तळपायाला लावत असायचो आणि तुम्ही दाराकडं बघून विचारायचात, ‘थोरला कवा येतोय?’ पुण्याहून त्याला यायला सवड नसायची. मी म्हणायचो, येईल. तुम्ही मग माझ्याकडं बघायचात. ‘तू हाईस की,’ असं म्हणून परत दाराकडं तोंड करायचात. तू हाईस की. त्या शोरूममध्ये पांढरी गाडी बघताना माझ्या कानात हेच वाजत होतं. जे समोर उभं आहे ते आहेच. त्याची कोण वाट बघणार?

म्हणून मी वाट बघायचं ठरवलं. निदान एका वस्तूची तरी. रंग निवडायला तुमच्या सुनेनं आणि मी अख्खी दुपार घालवली. गर्द निळा घेतला, आत तपकिरी कातडं, त्याला पांढरी शिलाई. मग फोनवर निरोप येऊ लागले. आता सांगाडा तयार झाला, आता रंगाला गेली, आता बोटीत चढवली. मी ते निरोप वर्कशॉपमधल्या पोरांना वाचून दाखवायचो. संध्याकाळी दिव्यासमोर हात जोडले की घरच्या माणसांबरोबर त्या गाडीचंही भलं मागायचो. मग लाज वाटायची, पण दुसऱ्या दिवशी परत मागायचो. आपण मागितलेली गोष्ट कुठंतरी तयार होते आहे, या विचारानं माणसाचा चेहरा कसा उजळतो ते तेव्हा कळलं. दादा आईच्या पोटात असताना तुमचा चेहरा तसाच असेल. याचा राग येतो आप्पा, अजूनही येतो, पण तो आता समजून येतो.

दिवाळीला दादा आला. तुम्ही गेल्यापासून तो वरचेवर येतो, तुम्ही असताना येत नव्हता. फराळाला बसल्यावर त्यानं विचारलं, ‘काय, नवसाची गाडी कुठंवर आली?’ सहज चिडवलं त्यानं. मी म्हणालो, ‘नवसाचं तुला माहिती. मला काय विचारतोस?’

त्यानं हातातली चकली ताटात ठेवली. ‘तुला काय माहिती रे नवसाचा म्हणजे काय ते? आप्पांनी देवाकडं डॉक्टर मागितलेला, आला कारकून. मी दारात पाऊल टाकलं की बघायचे माझ्याकडं. कागदावर एक लिहिलंय आणि टेम्पोतनं दुसरंच उतरलंय, तसं. दरवेळी तसंच. म्हणून येत नव्हतो मी. तुझ्याकडं कधी कुणी असं बघितलंय? तू सुटलास लेका.’

मी म्हणालो, ‘माझ्याकडं बघितलंच न्हाई, दादा.’

त्यानं ताटातली चकली परत उचलली. मग तोच हसला. ‘म्हातारं आपल्या दोघांलाबी पुरून उरलं की.’ आम्ही दोघं तुमच्या फोटोखाली बसून हसलो. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या.

उन्हाळा संपता संपता गाडी आली. मुलानं वरचं कापड ओढलं आणि मला पहिल्यांदा दिसलं ते हे, की निळा रंग मी मनात धरला होता त्याहून काळपट आहे. मग मी वाकून दारांच्या फटी बघितल्या. शिलाईवरून बोट फिरवलं. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग समोर ठेवून रिजेक्ट माल शोधतो, तसा मी त्या गाडीत खोट शोधत होतो. मुलगा म्हणाला, ‘साहेब, मागितली तशीच आलीय. तुम्ही खूश दिसत न्हाई.’ मला दादाचं बोलणं आठवलं आणि मी ताठ झालो. विषय बदलायचा म्हणून विचारलं, ‘ती पांढरी गेली का रे?’

‘ती व्हय? दसऱ्यालाच गेली. एका पावण्यानं पोराला घेतली. पोरगं असलं नाचलं म्हणताय इथं! बापानं व्हिडिओ काढला, पेढे वाटले सगळ्यांना.’

मी किल्ली घेतली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं रीतसर केलं. नऊ महिने मी ज्या गाडीसाठी प्रार्थना केली ती दारात उभी होती आणि मला ती पांढरी आठवत होती, जिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं आणि जिच्यापुढं एक पोरगं नाचलं होतं. म्हणजे मागवण्यात काही नसतं, आप्पा. उभ्या असलेल्यासाठीही पेढे वाटता येतात. तुम्हालाही आले असते.

हे सगळं लिहून गाडीच्या पुढच्या खणात ठेवणार आहे, कंपनीनं दिलेल्या पुस्तकाखाली. ते पुस्तक कुणी उघडत नाही. पण त्याआधी रविवारचं सांगायचं राहिलं.

रविवारी मी एकटाच मार्केट यार्डात गेलो. गुळाच्या अडत्याला म्हणालो, आधी मी काट्यावर उभा राहतो. तो म्हणाला, ‘पावणं, गूळ मोजायचाय का माणूस?’ मी म्हणालो, दोन्ही. माझ्या वजनाच्या ढेपा त्यानं काढून दिल्या, वर एक खडा मी मागून घेतला. आता या गाडीत सामान कुठं ठेवायचं? मागच्या खणात दोनच ढेपा मावल्या. बाकीच्या हमालानं बाजूच्या सीटवर रचल्या. ‘मालक, गुळाला असली गाडी पहिल्यांदाच बघितली,’ असं तो म्हणाला. गाडी सुरू केली तर आत काहीतरी टिंग टिंग वाजायला लागलं, थांबेचना. मग लक्षात आलं, सीटवर वजन आलं होतं. गाडीला वाटलं शेजारी माणूस बसला आहे आणि त्यानं पट्टा लावलेला नाही. मी हात लांब करून गुळाला पट्टा लावला. आवाज बंद झाला. जोतिबाचा डोंगर चढताना प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासत होतं आणि मी दर वळणावर शेजारी बघत होतो, नीट बसलंय ना म्हणून.

पायऱ्यांजवळ दोन पोरांनी ढेपा उचलून आत नेल्या. चांगभलं म्हणून मी गुलाल वाहिला, गूळ फोडून वाटायला बसलो. गुरवानं विचारलं, ‘नवस कुणाचा?’ मी देवाच्या दारात होतो. तिथं मी आजवर खोटं बोललेलो नाही.

‘वडिलांचा,’ मी म्हणालो. ‘त्यांच्याकडनं फेडायचा राहिला होता.’