संध्याकाळी सुटणारं गाठोडं

२ फेब्रुवारी १९९८
थंडी सरली. स्वेटर विकणाऱ्या तिबेटी मंडळींनी पालं काढली, कानडी मुलुखातल्या मुंडगोडच्या छावणीला निघाली. राहिली एकटी डोल्मा. स्टँडवर बोचकी बांधताना तिला दम लागला, हातपाय गार पडले, खाली बसली ती उठेना. दवाखान्यात म्हणाले शरीर ठणठणीत आहे, आणि आमच्या मंडळाकडे धाडली. मंडळ म्हणजे आम्ही चार बायका आणि शनिवारी येणारे मनाचे डॉक्टर. तिचा दीर म्हणाला, आमच्या नवीन वर्षाआधी न्यायला येतो. तोवर ठेवायची कुठे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणली घरी, बावड्याला.

४ फेब्रु.
घरातला बुद्ध बघून तिने हात जोडले. मला बरं वाटलं. बोलत मात्र नाही. कानडी चांगलं येतं म्हणे, पण माझं कानडी शून्य. शेजारच्या मल्लव्वाला हाक मारली. तिचं माहेर संकेश्वरकडचं, आठवडी बाजारात कापड विकते. तिच्याशी चार शब्द बोलली. तेवढंच.

७ फेब्रु., शनिवार
डॉ. आले. मल्लव्वामार्फत सगळं निघालं. लहान असताना तिबेटातून पळून यावं लागलं. आईने गाठोडं बांधलं, बर्फ वितळला की परत येऊ म्हणाली. आई घाटातल्या बर्फातच गेली. दरवर्षी बोचकी बांधताना जीव घाबरायचा, यंदा पायच उचलेना. डॉ. म्हणाले, टाळलं की भीती वाढते, हळूहळू सवय करा. मी मान डोलावली आणि घरी येऊन उलटंच केलं. तिची बोचकी माळ्यावर टाकली. दिसायलाच नकोत.

११ फेब्रु.
अख्खी गल्ली पाहुणचाराला लागली आहे. कोणी रस्सा आणतं, कोणी गरम भाकरी. ती भांडं घासायला उठली की कोणीतरी हातातून काढून घेतं. पाहुणीने हात लावायचा नाही, ही आमची रीत. आणि ती दिवसेंदिवस खचतेच आहे. आज जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडली. एवढं करतोय तरी? मला रागच आला.

१२ फेब्रु., गुरुवार
सकाळीच मल्लव्वा आली. बाजाराचा दिवस, आणि तिचं मनगट सुजलेलं. कापडाची चवड डोल्मासमोर टाकली, कानडीत म्हणाली, बांध. मी मधे पडले, अहो अक्का, पाहुणी आहे ती. तर माझ्यावरच घसरली.
"पावण्यानं बसून खायाचं आन निघून जायाचं. ही कुठं जायाची, सांग की."
 डोल्मा कापडाचं टोक धरायची, पुन्हा खाली ठेवायची. मी पुढे होणार होते, मल्लव्वाने मला डोळ्यांनीच दटावलं.  शेवटी डोल्मानेच बांधलं, आणि गाठ अशी घट्ट की बाजारापर्यंत हलली नाही म्हणे. दोघी बरोबर गेल्या. संध्याकाळी तेच गाठोडं घरी आलं. मल्लव्वाने तिच्याकडूनच सोडवलं. सोडलेल्या कापडाकडे डोल्मा बघत बसली. मग भाकरी मागून घेतली.

१४ फेब्रु.
डॉ.ना सांगितलं. हसले, हीच ती सवय म्हणाले. माया करता करता आम्ही तिला परकीच करून ठेवली होती. आता भांडी तिच्याकडे. गल्लीत कुजबुज, पाहुणीला राबवतात. बोलू देत.

१९ फेब्रु., गुरुवार
पुन्हा बाजार. जाताना बांधलं, येऊन सोडलं. या खेपेला कापड एकदाही खाली ठेवलं नाही. एक गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर डोल्माने त्याच्या हातातून कापडच काढून घेतलं. मल्लव्वा अजून हसते आहे.

२४ फेब्रु.
दीर आला. बोचकी माळ्यावरून काढली. श्वास चढला, तरी तिने स्वतः बांधली. बांधताना कानडीत काहीतरी म्हणाली आणि मल्लव्वाचा चेहरा पडला. मागाहून मला सांगितलं:
"म्हणली, तुझं सांजच्याला घरात सुटतंय. ह्ये कुठं सुटायचं?"
डोल्माने इतकी वर्षं मुंडगोडला काढली, अजून छावणीच म्हणते. घर म्हणत नाही.  

२५ फेब्रु.
स्टँड. पहिली गाडी गेली, डोल्मा पायरीवर पाय ठेवेना. दीर वैतागला. त्याचंही खरं, परवा त्यांचं नवीन वर्ष. दुसरी गाडी लागली. मल्लव्वाने बोचक्याचं एक टोक धरलं, दुसरं तिला धरायला लावलं आणि सरळ चढली. मागोमाग डोल्मा, मग दीर. मल्लव्वा कंडक्टरला म्हणाली, निपाणी एक. खिडकीतून माझ्याकडे तिच्या घराची किल्ली टाकली. "सांजच्याला येतो." एवढंच बोलली.

संध्याकाळ. निपाणीची शेवटची गाडी येऊन गेली, मल्लव्वा नाही. म्हणजे निपाणीला उतरलीच नाही. बेळगाव? की थेट मुंडगोड? की दोघी मधेच कुठे उतरून बसल्यात? निरोप नाही.
उद्या गुरुवार. तिचा बाजार बुडायला नको म्हणून कापडाची चवड माझ्या घरी आणली आहे. मघापासून बांधते आहे. गाठ दोनदा सुटली.