दुसऱ्या रकान्यातली सही

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यासाठी एकदाही रडले नाही. हे आधीच सांगून टाकते. परवा तुमच्या मुलीचा फोन आला होता. मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देऊन खोलीत पळणारी ती पोर आता चाळिशी ओलांडलेली बाई झाली आहे, पण उत्तरं अजून तशीच देते. आपल्या नर्सिंग स्कूलच्या जुन्या मुली तुमच्या आठवणींची स्मरणिका काढताहेत म्हणे. "मावशी, यू वेअर हर फेव्हरिट. दोन पानं प्लीज." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दोन पानांत मला खोटं लिहावं लागेल, म्हणून आधी हे खरं लिहायला बसले आहे.

पहिल्या वर्षाला मी तुमच्या वर्गात आले तेव्हा माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर उलटी धरलीत आणि विचारलंत, "ह्या वाचायचा कुठून गो? वरून की खालून?" मुली हसल्या. मी वसतिगृहात जाऊन उशीत तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताने चार पानं लिहून आणलीत, औषधांची नावं, आकडे, तारखा, आणि ती रोज गिरवायला लावलीत. वर्षभरात माझं अक्षर तुमचं झालं. तुमचा तो खाली लांबवलेला सात, तुमची ती डावीकडे कललेली वेलांटी, सगळं माझ्या हातात उतरलं. आणि एक नियम तुम्ही आमच्याकडून इतका घोकून घेतलात की तो आजही झोपेत म्हणेन. इन्सुलिन भरायचं ते दोघींनी बघायचं, एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने सिरिंज उजेडात धरायची, मग दोघींनी सही करायची. पास झाले तेव्हा तुम्ही मला छातीला लावायचं घड्याळ दिलंत, तुमचं स्वतःचं वापरलेलं. माझ्या आईलाही तेव्हा इतका आनंद झाला नसेल जितका मला त्या घड्याळाचा झाला.

मग तुम्ही शाळा सोडून कुवेतला गेलात आणि तीन वर्षांनी तुमच्याच शब्दावर मला बोलावून घेतलंत. इराकची लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती, हॉस्पिटलांना नर्सेस हव्याच होत्या. मी उतरले ती तुमच्याच वॉर्डात, बायकांच्या मेडिकल वॉर्डात. तिथे तुम्ही इन्चार्ज. बाकी सगळ्या तुम्हाला सिस्टर म्हणायच्या, मी एकटीच बाई म्हणायची. शुक्रवारी मी अब्बासियात तुमच्या घरी येते, तुम्ही ओट्यापाशी उभ्या असता आणि बाजारातून आणलेली झुबैदी माझ्यासमोर धरून सांगता, "नाव बदलला म्हणून काय झाला, आपला पापलेटच हा." साहेबांचं, म्हणजे तुमच्या यजमानांचं, दुकान तेव्हा बंद पडलं होतं. ते कोपऱ्यात पेपर वाचत बसत आणि नारळ मात्र तेच खवून देत. त्या स्वयंपाकघराइतकं सुरक्षित मला कुवेतमध्ये कुठेच वाटलं नाही.

वॉर्डात इन्सुलिनची वही होती. पहिल्या रकान्यात देणारीची सही, दुसऱ्यात तपासणारीची. केरळच्या मुलींच्या, फिलिपिनो मुलींच्या सिरिंजा तुम्ही उजेडात धरून बघत होतात. माझ्या बाबतीत मात्र ड्यूटी सुरू होतानाच, माझ्या सगळ्या पेशंट्सच्या ओळींत, दुसऱ्या रकान्यात तुम्ही एकदम सह्या करून मोकळ्या व्हायच्यात. पहिल्यांदा मी गोंधळून बघितलं तर म्हणालात, "तुका काय तपासायचा? माझ्या हाताखाली शिकलेली पोर तू." आता सांगते, मला तो मान वाटला. बाकीच्यांना तपासतात, मला नाही, म्हणून मी मान वर करून वॉर्डभर फिरत होते. तुम्हीच शिकवलेला नियम तुम्हीच मोडताय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आपल्या माणसाला तपासणं म्हणजे त्याचा अपमान, हे आपण गावाहून बरोबर घेऊन आलो होतो, डब्यातल्या मसाल्यासारखं.

रमझान चालू होता. रुमैथिया भागातली एक आजी वॉर्डात होती, डॉक्टरांनी नको म्हटलं तरी रोजा धरणारी. माझा हात धरून "बिन्ती" म्हणायची, म्हणजे माझी लेक. त्या दिवशी दुपारच्या राउंडला डॉक्टरांनी तिचा संध्याकाळचा डोस जवळजवळ निम्मा केला आणि तसं तोंडी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ते तिच्या औषधांच्या कार्डावर चढवायला विसरलात. होतं, वीस पेशंट असतात, मी त्याबद्दल तुम्हाला कधीच दोष दिला नाही. सूर्य मावळायच्या बेताला मी कार्डावरचा जुना आकडा बघून इन्सुलिन भरलं. मोठ्याने वाचायला समोर कोणी नव्हतं. दुसऱ्या रकान्यात तुमची सही आधीच होती. आजीने तीन खजूर खाल्ले, घोटभर ताक घेतलं, ताट तसंच ठेवलं आणि नमाजाला बसली. ती वाकली ती उठलीच नाही. मी धावले तेव्हा कपडे घामाने भिजले होते आणि डोळे कुठेतरी लागले होते. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर काही वेळाने तिने डोळे उघडले आणि पुन्हा "बिन्ती" म्हणाली. पण तिच्या मुलाने सगळं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी तक्रार झाली.

नर्सिंग डायरेक्टरच्या खोलीत आपण शेजारी शेजारी बसलो आहोत. वही टेबलावर उघडी आहे. मला वाटतंय, आता तुम्ही म्हणाल, चूक आम्हा दोघींची. मला खरंच असं वाटतंय, बाई, मी तुमच्या शेजारी बसल्यामुळे निर्धास्त आहे. तुम्ही म्हणता, नवीन डोस मी हिला सांगितला होता. मी तुमच्याकडे बघते, तुम्ही माझ्याकडे बघत नाही. मग डायरेक्टर दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवतात आणि तुम्ही स्वच्छ इंग्रजीत सांगता, "ही सही माझी नाही. हिचं अक्षर माझ्यासारखंच आहे. मीच शिकवलंय तिला."

चुकीचा डोस माफ झाला असता, ताकीद मिळून सुटले असते. खोट्या सहीला माफी नसते. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. साहेबांना काम नव्हतं, मुलगी बारावीला होती, तिघांचा इकामा, म्हणजे त्या देशात राहायचा परवाना, तुमच्या एका नोकरीवर उभा होता. मी एकटी, मला काय, विमानात बसवलं की झालं. हे सगळं मला त्या खुर्चीतच समजलं होतं. समजलं म्हणून राग गेला नाही. मला घरी पाठवायला तुम्ही माझं अक्षर वापरलंत, तुम्हीच गिरवून घेतलेलं, हे मी आजही गिळू शकत नाही.

"तुला काही सांगायचंय?" डायरेक्टरनी विचारलं. माझी सही बॉलपेनची, तुमची शाईच्या पेनाची. नुसतं शाईकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, नाही.

त्यानंतर मी कुठे रुजलेच नाही. मस्कतला दोन वर्षं, मग रियाध, मग आयर्लंड, जिथे माणूस कमी पडेल तिथे करारावर जायचं आणि करार संपला की बॅग भरायची. लोकांना वाटायचं, काय हौशी बाई आहे, जग बघते. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असायचा, तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का. मी "होय" लिहायची आणि खाली चार ओळींत कारण. जिथे पक्की नोकरी होती तिथे ते "होय" वाचून कळवतो म्हणायचे, आणि ते कळवणं कधी आलं नाही. शेवटी कुवेतमधल्याच सलवा भागातल्या एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, कागद बाजूला सारला आणि "शीर सापडते ना?" एवढंच विचारलं. अशी मी पुन्हा कुवेतला आले आणि एका शुक्रवारी अब्बासियातल्या बकाल्यात, म्हणजे आपल्या वाण्याकडे, कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी तुम्ही समोर उभ्या. केस पांढरे झाले होते. मला वाटलं, आता तरी. तुम्ही मला खालून वर बघितलंत आणि म्हणालात, "जाडी झालीस गो." मग एक नारळ कानाशी हलवून बघितलात, माझ्या पिशवीत टाकलात आणि निघून गेलात. तो नारळ मी आठ दिवस फोडला नाही. मग तो आतून नासला.

मुलीला मी दोन पानं पाठवीन. त्यात अक्षर गिरवलेलं लिहीन, घड्याळ लिहीन, झुबैदी लिहीन. हे पाठवणार नाही, कारण यात एक गोष्ट राहिली आहे. त्या खोलीत मी गप्प का बसले, असं आजवर ज्यांनी विचारलं त्यांना मी एकच सांगितलं, की गुरूला तोंडावर खोटं कसं म्हणायचं. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. पण खरं असं आहे, बाई, की शाईचं बोलले असते तर डायरेक्टरनी शाई ताडून बघायला वहीची मागची पानं उलटली असती. महिनाभर आधी एकदा तुम्ही सही करायला विसरला होतात. तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून त्या एका ओळीत तुमची सही मी केली होती, बॉलपेनने. ती हुबेहूब जमली होती, आणि मला तिचा अभिमान वाटला होता.