कॅम्परचे पडदे

फ्रीमाँट, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६

आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं दुसरं पत्र आलं. घरासमोरच्या ड्राइव्हवेत कॅम्परची गाडी ठेवायला परवानगी नाही, महिनाअखेरपर्यंत हलवा. सुधीर म्हणाला, "विकून टाकू. कॅम्पिंगला आपण एकदाच तर गेलो."

खरंय. पण आई सहा महिने राहायला आली होती, तेव्हा सुके बोंबील त्यातल्या शेगडीवरच भाजायची. घरात वास नको, शेजारी काय म्हणतील, म्हणून मीच तिला तिथे पाठवलं. तिनं त्या इवल्याशा शेगडीपाशी संसारच थाटला. मी ऑफिसातून आले की पडदा सरकवून हाक मारायची, "ये गो, भाकरी गरम आहे." वासाबद्दल शेजाऱ्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मीच घाबरट.

आई वारली त्याला आता वर्ष झालं.

आज पडदे धुवायला काढले. गिऱ्हाइकाला वास नको म्हणून. परत तेच, वास नको. नाकाशी धरले, तर बोंबील अजून तिथेच. मग धुतलेच नाहीत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लावले, जरा आखूड पडतात.

सुधीरनं आल्या आल्या विचारलं, "घरात कसला वास येतोय?"

येऊ दे, म्हटलं.