वादळ, गवत आणि माझ्या छातीतली हाकाटी

वागा वागा, ऑस्ट्रेलिया,
रविवार

प्रिय मॅविसताईस,

धाकट्या क्लाइव्हचा गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. तुझी कंबर, तुझ्या कोंबड्या आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील. मीही उत्तम आहे. (हे वाक्य वाचून ग्वेंडा हसतेय. बायकोने असं हसू नये.)

फोनवर तुला अर्धवट कळलं, म्हणून सविस्तर लिहितो. क्लबात लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या आमच्या खेळाचा, अंतिम सामना होता. आभाळ काळवंडलं, फुलोऱ्यावर आलेल्या राय गवतावरून वारा सुटला आणि ग्वेंडा कुंपणापलीकडून ओरडली, "क्लाइव्ह, मुकाट्याने घरी चल!" आता शेवटचा चेंडू हातात असताना कोण घरी जातं? मी टाकला. (कडेच्या चरात गेला, म्हणजे फुकट.) तेवढ्यात पाऊस आला आणि छाती अशी आवळली की श्वास आत जाईना, बाहेर येईना. जन्मभर ज्या गवताच्या ॲलर्जीला मी नुसती शिंकांची कटकट म्हणालो, तिने मला हिरवळीवर आडवा पाडला. ग्वेंडाने गाडीत कोंबून दवाखान्यात नेलं. शेजारच्या खाटेवर समोरच्या संघाचा कप्तान, त्याच्याही नाकातोंडावर ऑक्सिजन. आम्ही हातवारे करून गुणांवरून भांडलो.

मग डॉक्टर लिटिया आली. फिजीची पोर, आवाज मऊ, सुई मोठी. म्हणाली, वादळात गवताचे परागकण फुटून त्यांची पूड थेट फुफ्फुसात शिरते. आतल्या अस्तराच्या पेशी हाकाटी करतात, ती ऐकून पहारेकरी पेशी धावून येतात. एरवी अस्तरच त्यांना समजावून शांत करतं. "तुमच्यात मात्र दोघी एकमेकींना चढवतात."

"म्हणजे ह्यांच्या क्लबाची बैठक," ग्वेंडा म्हणाली.

पुढे संशोधनासाठी नाकातून नळी घालून माझ्या दोन्ही प्रकारच्या पेशी काढल्या, बशीत वाढवल्या आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. ताई, अस्तरावरचे बारीक केस वाऱ्यावरच्या गवतासारखे हलत होते आणि एक पहारेकरी त्यांच्यातून सरकत परागाचा कण गिळत होता. डोळ्यांत पाणी आलं. ग्वेंडाने पाहिलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, पण ह्या माणसाचं काही काम करताना आजच दिसलं."

तुझा,
क्लाइव्ह

ता. क. त्याच घरात, त्याच गवतात वाढून तुला साधी शिंक आली नाही. तुझं अस्तर पहारेकऱ्यांना कसं गप्प बसवतं, ते लिटियाला पाहायचंय. मी तुझं नाव दिलंय. गुरुवारी ती फोन करेल. नळी अजिबात दुखत नाही.

ता. क. दुखते.

ता. क. ग्वेंडा म्हणते खरं लिही. बरं. आता ढग दिसले की मी न्हाणीघरात जाऊन बसतो आणि ती दाराबाहेर बसून माझा श्वास ऐकत राहते. नळी घालून घे किंवा नको घेऊस, पण ये.