डोहाला दिलेली ओटी

४ मार्च २००६
पोचलो एकदाचा! अमेरिकेतल्या बॉथेलहून तीन विमानं, मग लेसोथोच्या डोंगरांतली बस, त्यात शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर, आणि शेवटी चक्क घोडं. उतारावर गवताने शाकारलेली गोल घरं, खाली दरीत धबधबा. आमच्या बॉथेलचीच इशिता इथल्या शाळेत शिकवते. मला बघून किंचाळलीच. आनंदाने, असं मी धरतो. तिची घरमालकीण मे माथाबो. 'मे' म्हणजे आई. तिने मला पांघरायला घोंगडी दिली, मक्याची घट्ट उकड वाढली. इशिताच्या आईने, शुभाकाकूंनी, लेकीसाठी दिलेलं पुडकं पोचवलं. आमच्याकडे कोणी कुठेही निघालं की त्याच्या बॅगेत कुणाचं तरी पुडकं पडतंच. कॉलेज सोडलं हे इशिताला अजून सांगितलं नाही.

६ मार्च
पुडक्यात हिरवा खण, बांगड्या, खारीक-बदाम निघाले. आमच्या शेजारच्या बेलव्ह्यू गावातल्या अथर्वशी तिचं ठरलंय, ही त्याच्या घरून आलेली ओटी. म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून हिचा साखरपुडा मीच वाहून आणला, यार! तिच्यासाठी कॉलेज सोडलं म्हणालो, तर म्हणाली, ऋषी, परत जा.
डोकंच फिरलं. पुडकं उचललं, तडक खाली जाऊन धबधब्याच्या डोहात फेकलं. आई गावी नदीची ओटी भरते ना, तसं. ओरडलो, ही इशिताची ओटी, तूच करून घे तिला सून. पुडकं तरंगलं नाही. कोणीतरी हातात घ्यावं तसं अलगद खाली गेलं.

७ मार्च
धुणं धुणाऱ्या बायकांनी पाहिलं होतं. मे माथाबो माझ्याशी बोलत नाही. इशितानेच तिचं म्हणणं सांगितलं: नाव घेऊन डोहाला बाईचा कपडा दिला की सोयरीक पक्की, मग पाणी तिला न्यायला येतं. सांगताना ती हसत होती. केस ओले होते तिचे. आंघोळ केली नव्हती.

९ मार्च
तिला घेऊन शहराकडे निघालो. खिंडीत पोचलो आणि तिच्या तोंडातून पाणी यायला लागलं. स्वच्छ, गार. थांबेचना. घोडी मागे वळवली तेव्हा थांबलं.

१० मार्च
धबधब्याचा आवाज बंद. पाणी पडताना दिसतंय, पण आवाज नाही. गावाने दारं लावून घेतली. इशिता उठून उताराकडे चालते. मी धरतो — केवढी ताकद तिच्यात. मे माथाबोच्या पाया पडलो. तिने आधी डोहाकडे बोट केलं, मग माझ्या छातीवर ठेवलं.

११ मार्च
दुपार. इशिता डोहात, गुडघाभर पाण्यात. मी डोहाला ओरडलो, तिला सोड, ऋषीला घे. ती थबकली. वळली. डोळे पुन्हा तिचेच.
"ऋषी, तू इथे काय करतोयस?"
मे माथाबो तिला वर घेऊन गेली. इशिताने मागे बघितलं नाही — मी बघत होतो — बरं झालं. मी काठावरच, वही हातात. पाय उचलवत नाहीत. पाणी चढत कमरेपर्यंत आलंय — कोमट आहे — आवाज परत सुरू झालाय. आतून माझं नाव घेतंय कोणीतरी. इतक्या मायेने मला कधी कोणी —