वाढलेल्या बांगड्या

प्रिय दिशा,

लग्न मोडल्यावर मुलाच्या आईने मुलीला पत्र लिहिलं, असं आमच्या निरगुडसरात तरी कुणी ऐकलं नसेल. साखरपुड्यापासून तू मला 'आत्या' म्हणायला लागलीस, त्या हक्काने लिहिते आहे. फोन केला असता, पण माझा फोन मच्छिंद्र उघडून बघतो. तुझाही घरात कुणी बघत असणार. म्हणून हे मंचरला रीनाच्या साडीच्या दुकानात देणार आहे. ती तुझी वर्गमैत्रीण, तुझ्याच हातात देईल. घरात कुणी नसेल तेव्हा वाच.

तुझ्या हाताची सूज उतरली का? शिनोलीला चुडा घेऊन आले त्या दिवसापासून तेच मनात आहे. तुमच्या पडवीत किती हसणं-खिदळणं चाललं होतं. कासारणीने तुझा पंजा दाबून पहिली हिरवी बांगडी चढवली आणि ती अंगठ्याच्या हाडाशीच तडकून गेली. मग दुसरी गेली, तिसरीही. तुझी चुलती सारजाबाई घाईने म्हणाली, "फुटली म्हणू नका गं बायांनो, वाढली म्हणा." मग मीच पुढे झाले, म्हटलं, मी भरते. तुझा हात मांडीवर घेतला तर मनगट अंगठ्यापर्यंत टम्म सुजलेलं, आणि आतल्या बाजूला बोटांचे निळे वळ. मी काही विचारायच्या आधीच तू म्हणालीस, "गाडीचं हँडल लागलं, आत्या."

आदल्याच दिवशी मच्छिंद्र तुला शालू पसंत करायला मंचरला घेऊन गेला होता.

माझ्या मागे बायांची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं चुडा अवसेला घेतला असेल, कुणी म्हणालं दृष्ट लागली, काळी पोत बांधा, बिरोबाला नारळ द्या. मनगट सुजलं का, हे एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. मोठ्या मापाच्या बांगड्या मागवल्या, हळूच तुझ्या हातात सरकवल्या, तुझी ओटी भरली आणि गाडीत येऊन बसले.

माझ्या लग्नात माझ्या आईने मला एकेका गोष्टीचा अर्थ सांगितला होता. आम्ही मेंढरांमागे फिरणारी माणसं. आई म्हणायची, हिरवा चुडा म्हणजे पाऊस झाल्यावरचं रान, जाशील तिथे चारा-पाणी मिळो. जोडव्यांचा आवाज झाला की घराला कळतं, लक्ष्मी चालतीबोलती आहे. माप ओलांडताना तांदूळ घरात सांडले पाहिजेत, म्हणजे बरकत आत येते. मला ते सगळं खरं वाटायचं. अजूनही वाटतं. ज्या बाईने पहिल्यांदा लेकीच्या हातात हिरवी काच घातली असेल, तिच्या मनात माया सोडून दुसरं काय असणार?

पण 'वाढली' हा शब्द मी या घरात आल्यावर वेगळा शिकले. पहिली कितीतरी वर्षं माझ्या हातात चुडा टिकायचाच नाही. कासारीण दारात आली की सासूबाई सांगायच्या, "आमच्या सुनंचा हात लई जड, दळताना वाढत्यात." जात्यावर माझी एकही बांगडी कधी गेली नाही, दिशा. पुढे वय झालं तसे मच्छिंद्रचे वडील निवले. आता लोक त्यांना शांत माणूस म्हणतात. गावातल्या बाया शपथेवर सांगतील तसं. मच्छिंद्र तेव्हा उंबऱ्यावर बसून सगळं बघायचा. लहान आहे, विसरेल, असं मला वाटायचं.

तुमच्याकडून आल्यावर शालूच्या काठाचं निमित्त काढून मी मंचरला गेले. रीनाला विचारलं. तिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "काकू, त्यांनी दिशाचा फोन मागितला. ती म्हणाली, आईशी बोलून देते. तर तिथंच गादीवर हात पिरगळला. मग शालूची घडी तिने एकाच हाताने उलगडली."

घरी येऊन मच्छिंद्रला गोठ्यात गाठलं. लाजेल, निदान नाही तरी म्हणेल, अशी आशा होती. तो म्हणाला, "फोन दे म्हणलं तर देत न्हवती. एवढं काय त्यात, आई? लग्न झाल्यावर व्हईल सरळ." त्याचे वडील तिथेच शेळीला दावं लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. 'व्हईल सरळ' हे शब्द मी याच अंगणात, माझ्याबद्दल बोललेले ऐकले आहेत.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लग्नाचा घाणा भरायचा होता. मुसळांना आंब्याची पानं आणि हळकुंड बांधलेलं, पाच सवाष्णी उखळाभोवती बसलेल्या, ओव्या सुरू झालेल्या. मुलाची आई म्हणून पहिला हात माझा. मी मुसळ धरलं, आणि खाली ठेवलं. म्हटलं, बिरोबाने कौल दिला नाही, हे लग्न होणार नाही. ओव्या तिथेच थांबल्या. हे धावत आत आले, "डोकं फिरलं का तुझं? पावणं काय म्हणतील?" मच्छिंद्रने खुर्ची लाथाडली. मी जागची हलले नाही. देवाच्या पुढे कुणाचं चालत नाही आमच्यात. मी कौल लावलाच नव्हता, दिशा. देवाच्या नावाने खोटं बोलले. त्याचं काय ते मी आणि देव बघून घेऊ. मला वाटलं होतं, दोष आमच्या देवाच्या माथी गेला की तू सुटशील, तुला कुणी बोल लावणार नाही.

तसं झालं नाही. काल रीना सांगत होती, शिनोलीत म्हणतात, पोरीच्या हातात चुडा टिकला नाही तेव्हाच कळलं होतं, तिचाच पायगुण वाईट. तू स्वयंपाकघराबाहेर येत नाहीस. आणि तुझ्या वडिलांनी, यमाजीभाऊंनी, मच्छिंद्रचा निरोप ऐकून घेतला आहे. आई देवभोळी आहे, तिला बाजूला ठेवू, येत्या सोमवारी भीमाशंकरला हार घालून घेऊ, असा तो निरोप. रीना म्हणाली, तूही मान हलवलीस. अपशकुनी पोरीला दुसरं कोण पत्करणार, असं तू तिला म्हणालीस.

हे पत्र त्यासाठी आहे. तू अपशकुनी नाहीस, पोरी. काच चांगली होती, तुझा हातही चांगला होता, माझ्या मुलाने तो पिरगळला होता. लग्न मी मोडलं, कौलाने नाही. सोमवारी जायचं की नाही ते तू ठरव, पण हे माहीत असताना ठरव. जायचं नसेल आणि घरात कुणी ऐकत नसेल, तर हे पत्र यमाजीभाऊंच्या हातात दे. सारजाबाईंना मोठ्याने वाचून दाखव, गावात दाखव, लागलं तर पोलिसांना दाखव. मुलाविरुद्ध आईने लिहून दिलेलं कुणी खोटं म्हणणार नाही. मला इथे काय सोसावं लागेल याची काळजी तू करू नकोस. म्हणूनच खाली माझं पूर्ण नाव लिहिते आहे.

तुझीच,
रतनबाई दादाभाऊ टकले
मु. पो. निरगुडसर, ता. आंबेगाव