सासूबाईंच्या पर्सची उसवाउसवी

तीर्थस्वरूप साडूभाऊंना धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनाने. शरीराने वाकायला सध्या कंबर परवानगी देत नाही, त्याचं कारण पुढे येईल.)

तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पट्टी मात्र अजून काही दिवस ठेवायची आहे, असं ताईंच्या फोनवरून कळलं. तेव्हा हे पत्र स्वतः वाचायचा हट्ट धरू नका. ताईंचा चष्मा कायम हरवलेला असतो, पण वाचून दाखवणारं घरात दुसरं कोणी असेलच. जे कोण वाचेल त्याला एवढंच सांगा, की कंसातलंही वाचायचं, गाळायचं नाही. मी खरं काय ते कंसातच बोलतो, असं आमच्या घरातलं एक माणूस म्हणत असे. फोन का केला नाही म्हणाल, तर केला होता. पण हल्ली तुमच्याकडे फोन कोण उचलतं ते मला माहीत आहे, आणि माझा आवाज ऐकला की ताई आंघोळीला गेल्याचं सांगून तो ठेवला जातो. ताईंनी दिवसभर इतक्या आंघोळी करणं प्रकृतीला बरं नव्हे.

तर, तुमच्या मेहुणीबाई हवापालटासाठी तुमच्याकडे आल्या आहेत. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं असेल याची मला कल्पना नाही, म्हणून माझी बाजू मांडतो. मला बाजू आहे की नाही ते शेवटी तुम्हीच ठरवा.

नोकरी संपल्यावर मी चामड्याच्या कामाचा नाद लावून घेतला हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण पहिलं पाकीट तुमच्याच गळ्यात मारलं होतं. ते खिशात मावत नाही, मावलंच तर बसता येत नाही, पण तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. (मागच्या खेपेला आलो तेव्हा ते दार आपटू नये म्हणून दाराखाली सारलेलं पाहिलं. चांगलं अडतं हो दार.) या कामाची गंमत अशी, की चामडं आधी ओलं करायचं, मऊ पडलं की त्यावर लोखंडी ठसा धरायचा आणि लाकडी हातोडीने ठोकायचं, म्हणजे त्यावर पानंफुलं उमटतात. ठोकायला खाली दगड लागतो, आणि आमच्या घरात दगड म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. त्यामुळे मी फुलं काढायला बसलो की हिला चहा टाकायलाही माझी परवानगी घ्यावी लागे. एकदा खालचे बिऱ्हाडकरू वर आले आणि तुम्ही भिंत पाडताय का म्हणून विचारू लागले. हिने शांतपणे सांगितलं, की नाही, हे जास्वंदीचं फूल काढताहेत. त्या गृहस्थांनी ते फूल बघायला मागितलं, बघितलं, आणि म्हणाले, बरोबर आहे, भिंत असती तर आत्तापर्यंत पडली असती.

शिवण्याची तऱ्हा आणखीनच वेगळी. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि एकाच भोकातून एक सुई इकडून तर दुसरी तिकडून काढायची. दोन्ही हात सुयांत अडकलेले, मग चामडं धरणार कोण? ही धरायची. टीव्ही बघत, माझ्याकडे न बघता, दोन्ही तळव्यांच्या मध्ये ते घट्ट दाबून बसायची. तिने धरलं की टाके रांगेत पडायचे. एखादा वाकडा गेलाच तर मी म्हणायचो, की तुला शिंक आली म्हणून गेला. ती म्हणायची, तसं असेल तर मला जन्माची सर्दी झालेली दिसते. असा आमचा संसार सुरळीत चालला होता.

आता पर्सकडे येतो. (येतो येतो म्हणून एवढा वेळ टाळली, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच.) आपल्या दोघांच्या सासूबाईंची ती तपकिरी पर्स तुम्ही विसरणं शक्य नाही. शाळेत मुख्याध्यापिका असताना त्या ती टेबलावर ठेवत आणि घरी आल्यावर आपल्यासमोर. ती उघडताना टक्क असा आवाज झाला की आपण दोघे जावई आपोआप ताठ बसायचो. तुमच्यावर त्यांचा जीव होता, माझ्यावर लक्ष होतं. त्या गेल्यावर ताईंनी शिवणाचं मशीन घेतलं आणि हिने पर्स घेतली. तेव्हापासून बँक असो, बाजार असो, की दातांचा डॉक्टर असो, ही पर्सशिवाय उंबरठा ओलांडत नाही. त्या पर्सचा बंद एका बाजूला सुटला होता. हिने ती माझ्यापुढे ठेवली, म्हणाली, चार टाके घाला, तेवढंच काम आहे.

साडूभाऊ, हौशी माणसाला ‘तेवढंच’ म्हणू नये. मी मनात म्हटलं, चार टाके कोणीही घालील, आपण हिला चकित करू, झाकणावर छान पानाफुलांची नक्षी काढू. ही त्या दिवशी पहिल्यांदाच पर्सशिवाय दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि मी कामाला लागलो. नक्षी काढायची तर झाकण सपाट हवं, म्हणून झाकण उसवलं. झाकण उसवल्यावर मागची बाजू लोंबायला लागली, म्हणून ती उसवली. मग उसवायचा हात बसला आणि अस्तर, कडा, बगलेच्या पट्ट्या असं सगळं टेबलावर पसरलं. कुठला तुकडा कुठला यावर खुणा करायच्या असतात, हे मला सगळं उसवून झाल्यावर आठवलं. झाकण काही केल्या ओलं होईना, म्हणून ते बादलीत बुडवून ठेवलं. मग ठसा धरून ठोकलं, तर फुलाच्या जागी नुसता चपटा डाग उमटला. नक्षीसाठी कोरं चामडं लागतं, रंग आणि चकाकी चढवलेल्या चामड्यावर ती धरत नाही. (चामड्याचं काम शिकवणाऱ्या पुस्तकात हे दुसऱ्याच पानावर आहे. मी चित्रांपासून सुरुवात केली होती.) आणि ही यायची वेळ झाली म्हणून केस वाळवायच्या यंत्राने ते झाकण वाळवलं, तर ते आक्रसून पुठ्ठ्यासारखं ताठ झालं आणि कडेने वर वळलं.

ही आली. टेबलापाशी उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याची मला सवय आहे. तिने एक तुकडा उचलला, पुन्हा जागेवर ठेवला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. आणि मी म्हणालो,

“जुनीच तर होती.”

शब्द तोंडातून गेला आणि मला माझाच राग आला, पण गेलेला शब्द काही परत येत नाही. ती एवढंच म्हणाली, “मी दुरुस्त करायला दिली होती. सुधारायला नव्हे.” मग किल्ल्या, कंगवा, चष्म्याचं घर, रुमाल सगळं तिने वाण्याकडच्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, दारात ती पिशवी वर करून मला दाखवली, म्हणाली, “ही नवी आहे,” आणि तुमच्याकडे आली. तुमच्या दारात ती ज्या पिशवीसह उभी राहिली, तिची ही हकिगत.

त्यानंतर मी ठसे आणि हातोडी पोटमाळ्यावर टाकली आणि पर्स जोडायला बसलो. कुठला तुकडा कुठला हे जुन्या भोकांवरून जुळवलं. झाकणाला तेल चोळून चोळून, हलक्या हाताने ताणून ते पुष्कळसं पूर्वीसारखं केलं, पण बोटभर आखूड राहिलंच, आणि मधला तो डाग काही जात नाही. (त्याला फूल म्हणायचं धाडस मी करणार नाही.) धरायला कोणी नाही, म्हणून चामडं आधी गुडघ्यांत धरलं, मग दाराच्या फटीत, मग टेबलाच्या खणात. जमिनीवर बसून, पाठ वाकवून, गुडघ्यांत चामडं आवळून शिवल्याने कंबर धरली, तेच ते वर म्हटलेलं कारण. हे सगळं करताना बंदाच्या दुसऱ्या टोकाशी, अस्तराच्या आत, मला एक जुनी शिवण दिसली. कारखान्यातली नव्हे. साध्या निळ्या दोऱ्याची, घरच्या सुईने घातलेली, एक टाका पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला. सासूबाईंची. आयुष्यभर माझ्या अक्षरापासून भांगापर्यंत सगळं वाकडं म्हणणाऱ्या बाईंचा टाका माझ्यापेक्षा वाकडा निघाला. मी मोठ्याने हसलो. मग घरात हसणारा मी एकटाच आहे हे लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

असो. ताईंना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घाला, चोळू नका.

आपला,
दाही बोटं टोचून घेतलेला धाकटा साडू

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. तुमच्या सुतारकामाच्या पेटीत लाकूड आवळून धरायचा शिकंजा आहे, तो इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवावा. पर्सची एक बाजू शिवायची राहिली आहे. ती वळणाची असल्याने गुडघ्यांत बसत नाही.

आणखी ता. क. – शिकंजा पाठवू नका. त्याला लोखंडी दात आहेत आणि चामड्यावर एकदा वळ उमटला की उमटला. धरायला काहीतरी मऊ लागेल.

अगदी शेवटचा ता. क. – हा वाचणाऱ्या बाईंसाठी आहे. इथून पुढे मोठ्याने वाचू नये. भाऊजींना सांग, पत्र संपलं.

तुझ्या आईचा निळा टाका मी उसवलेला नाही. बाकी सगळं उसवलं, तो तसाच आहे. ‘जुनीच तर होती’ हे मी बोलायला नको होतं. ती जुनी होती म्हणूनच तुला हवी होती, हे मला कळायला हवं होतं. एक बाजू अजून उघडी आहे, आणि ती मी एकटा शिवणार नाही. धरायला ये. शिंक आली तर येऊ दे.